गिरणगावचे डांगे आणि हरवलेला मतदारसंघ

भिवंडीच्या धामणकर नाक्याच्या परिसरात यंत्रमागांचा खडखडाट आजही ऐकू येतो. पद्मानगरच्या गल्ल्यांतून तेलुगू भाषक विणकर, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर आणि ठाणे जिल्ह्यातील मजूर पाळ्यांमध्ये काम करतात. मुंबईच्या गिरण्यांत विणले जाणारे कापड १९८२ च्या संपानंतर मोठ्या प्रमाणात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर विणले जाऊ लागले. कापड इकडे आले. पण त्या कापडाभोवती मुंबईत उभे राहिलेले राजकारण इकडे आले नाही. त्या राजकारणाचा चेहरा होता कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचा. त्यांच्या निवडणुकांचा इतिहास हा गिरणगावच्या मतदारसंघाचाही इतिहास आहे.

डांगे यांचा जन्म १० ऑक्टोबर १८९९ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, करंजगाव येथे झाला. शिक्षणासाठी ते मुंबईला विल्सन महाविद्यालयात आले आणि असहकाराच्या चळवळीत त्यांनी महाविद्यालय सोडले. १९२१ मध्ये त्यांनी गांधी आणि लेनिन यांच्या मार्गांची तुलना करणारी पुस्तिका लिहिली, तर १९२२ मध्ये 'सोशालिस्ट' हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. १९२४ च्या कानपूर बोल्शेविक कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये सुटून आले तेव्हा मुंबईतील गिरणी कामगार मोठ्या संघर्षाच्या उंबरठ्यावर उभा होता.

१९२८ चा संप सहा महिने चालला. त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्ष संपेपर्यंत तिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात डांगे यांना पुन्हा अटक झाली. १९३३ मध्ये त्यांना बारा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती कमी झाली आणि १९३५ मध्ये ते बाहेर आले. वडील तुरुंगात असताना जन्मलेल्या मुलीचे नाव रोझा लक्झेंबर्गवरून रोझा ठेवण्यात आले. पत्नी उषाताई स्वतः गिरण्यांतील स्त्री कामगारांत काम करीत होत्या. पुढे 'पण ऐकतं कोण?' या आत्मकथनातून त्यांनी या संसाराची दुसरी बाजू मराठी वाचकांपुढे मांडली.

१९४६ मध्ये डांगे मुंबई प्रांताच्या विधानसभेवर कामगारांसाठी राखून ठेवलेल्या मतदारसंघातून निवडून गेले. मात्र १९५२ मध्ये प्रौढ मताधिकारावर पहिली लोकसभा निवडणूक झाली, तेव्हा परीक्षा वेगळीच होती. मुंबई शहर उत्तर हा त्या वेळी द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र असे आणि दोन मते दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या, तर त्यातील एकच ग्राह्य धरली जाई. दुसरी वाया जाई.

या निवडणुकीत राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांचा समझोता असल्याने सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता त्यांचे सहकारी उमेदवार होते. डांगे कम्युनिस्ट पक्षाकडून लढत होते. निकालात काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर विजयी झाले. काजरोळकरांना १,३८,१३७ मते मिळाली, तर बाबासाहेबांना १,२३,५७६. बाद झालेली मते होती ७४,३३३, म्हणजे पराभवाच्या अंतराच्या पाचपटीहून अधिक. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरे मत वाया घालवायला सांगितले, असा आक्षेप घेऊन आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. डांगे स्वतःही हरले. परंतु घटनेच्या शिल्पकाराला लोकसभेबाहेर राहावे लागले, याची कटुता दलित वस्त्यांत दीर्घकाळ टिकली. डांगे यांच्या चरित्रातील हे पान त्यांच्या चाहत्यांनाही वगळता येत नाही.

पाच वर्षांत चित्र पालटले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एका व्यासपीठावर आले. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे आणि डांगे यांच्या सभांना गिरणगाव लोटू लागले. गोळीबारांत शंभरहून अधिक माणसे बळी पडली होती. त्यांत कामगार वस्त्यांतील तरुण मोठ्या संख्येने होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर काही महिन्यांतच दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली.

मुंबई शहर मध्य हा १९५७ चा द्विसदस्यीय मतदारसंघ. येथून समितीचे दोन उमेदवार निवडून आले: सर्वसाधारण जागेवर डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने. १९५२ मध्ये ज्या दुसऱ्या मताने दोन चळवळींत दरी पाडली होती, तेच दुसरे मत आता दोघांना जोडणारा दुवा ठरले. लाल बावट्याचा मतदार निळ्या झेंड्याला आणि निळ्या झेंड्याचा मतदार लाल बावट्याला मत देत होता. शहराच्या दक्षिणेत स. का. पाटील आणि उत्तरेत कृष्ण मेनन यांनी काँग्रेसच्या जागा राखल्या; मधला पट्टा मात्र समितीचा झाला.

हे यश टिकले नाही, त्याला कारणे होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि समितीला बांधून ठेवणारा धागाच सुटला. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द झाले. मुंबई शहर मध्यचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले. १९६२ मध्ये मध्य दक्षिणेची जागा काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी जिंकली आणि डांगे लोकसभेबाहेर राहिले. त्याच वर्षी ते कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष झाले, पण पक्ष चीनच्या प्रश्नावरून आतून दुभंगत होता. १९२४ सालची म्हणून काही पत्रे १९६४ मध्ये उजेडात आली. सुटकेसाठी ब्रिटिशांना सहकार्य देऊ करणारी ती पत्रे डांगे यांची असल्याचा आरोप झाला. डांगे यांनी ती बनावट ठरवली. राष्ट्रीय परिषदेतून ३२ सदस्य बाहेर पडले आणि पक्ष फुटला.

तरीही १९६७ मध्ये गिरणगावने डांगे यांना पुन्हा लोकसभेत पाठवले. तो त्यांचा शेवटचा निवडणूक विजय. आदल्याच वर्षी, १९ जून १९६६ रोजी, शिवसेनेची स्थापना झाली होती. चाळींतील तरुण पिढी युनियनच्या कचेरीऐवजी शाखेकडे वळू लागली. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत सेनेचे वामनराव महाडिक विजयी झाले. १९७१ मध्ये लोकसभेची जागाही काँग्रेसचे अब्दुल कादर सालेभॉय यांच्याकडे गेली.

एकदाच ही घसरण थांबली. जानेवारी १९७४ च्या पोटनिवडणुकीत रोझा देशपांडे कम्युनिस्ट पक्षाकडून उभ्या राहिल्या. काँग्रेसचे रामराव आदिक यांना शिवसेनेचा पाठिंबा होता. दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली, वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली आणि पँथरचे भागवत जाधव मारले गेले. या निवडणुकीत रोझाताई जिंकल्या. वडिलांचा मतदारसंघ मुलीने परत मिळवला. पण पुढच्याच वर्षी आणीबाणी आली. डांगे इंदिरा गांधींच्या बाजूने उभे राहिले आणि १९७७ मध्ये ही जागा रिपब्लिकन पक्षाचे बी. सी. कांबळे यांनी जिंकली. काँग्रेसशी सहकार्याच्या आग्रहापायी डांगे पक्षातही एकाकी पडले. १९८१ मध्ये त्यांना पक्षातून काढून टाकण्यात आले. ज्या पक्षाचे ते संस्थापकांपैकी एक होते, त्या पक्षाबाहेर त्यांनी अखेरची दहा वर्षे काढली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली झाला. कामगार हरला, तरी १९८४ मध्ये त्याने सामंतांना याच मतदारसंघातून लोकसभेत पाठवले. १९८९ मध्ये सेनेचे महाडिक आणि १९९१ पासून मोहन रावले येथून निवडून येत राहिले. २२ मे १९९१ रोजी, त्याच निवडणुकीच्या धामधुमीत, डांगे यांचे मुंबईत निधन झाले. राजीव गांधी यांच्या हत्येला तेव्हा एकच दिवस झाला होता.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर मुंबई दक्षिण मध्य हे नाव राहिले, पण मतदारसंघ धारावी, चेंबूर, अणुशक्तीनगरकडे सरकला. वरळी, शिवडी, भायखळा हे गिरणगावचे पट्टे मलबार हिल आणि कुलाब्यासह मुंबई दक्षिणमध्ये सामील झाले. कामगाराच्या मतावर खासदार ठरवणारा मतदारसंघ नकाशावरूनही पुसला गेला. गिरणीत हजारो कामगार एका फाटकातून आत जात, म्हणून युनियन उभी राहिली आणि युनियनमधून मतदारसंघ. धामणकर नाक्याभोवतीचे माग छोट्या छोट्या गाळ्यांत विखुरलेले आहेत आणि अनेक कामगारांची नावे अजून गावाकडच्या मतदारयादीत आहेत. कापड तेच, कष्टही तेच. मात्र त्या कष्टाला लोकसभेत स्वतःचा आवाज मिळवून देणारे डांगे यांच्यासारखे नेतृत्व आणि त्यामागची एकजूट यंत्रमागांच्या या शहराला अद्याप लाभलेली नाही.