नवे सेल टाकूनही टॉर्च लागत नाही? कारण समजून घ्यायचं तर व्होल्टा यांची गोष्ट वाचा

एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरं. मीरा-भाईंदरच्या हवेत ओलावाही आहे आणि खारेपणाही. अशा हवेत कपाटात पडून असलेला टॉर्च पावसाळ्यात लाइट गेल्यावर नेमका दगा देतो. नवे सेल टाकले तरी लागत नाही. अशा वेळी दोष बऱ्याचदा सेलचा नसतो, तर सेलला टेकणाऱ्या स्प्रिंगचा आणि पट्टीचा असतो.

दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की काय होतं, हे जगाला दाखवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे अलेस्सांद्रो व्होल्टा.

व्होल्टा यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी इटलीतल्या कोमो गावात झाला. चार वर्षांचे होईपर्यंत ते नीट बोलतही नव्हते. लहानपणीच वडील गेले. त्यांनी वकील व्हावं अशी घरच्यांची इच्छा होती, पण त्यांना ओढ होती विजेची. १७७४ मध्ये ते कोमोच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागले आणि पुढे पाविया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१७९१ मध्ये बोलोन्याच्या लुईजी गॅल्व्हानी यांनी खळबळ उडवून दिली. दोन धातूंचा स्पर्श झाला की मेलेल्या बेडकाचे पाय झटका देतात, म्हणजे वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असं त्यांचं म्हणणं होतं. व्होल्टा यांना आधी ते पटलं. पण तेच प्रयोग स्वतः करून पाहिल्यावर त्यांना शंका आली, की वीज बेडकात नाही, धातूंमध्ये आहे.

मग त्यांनी स्वतःच्या जिभेवरच प्रयोग केला. एका बाजूला कथलाचा पत्रा, दुसऱ्या बाजूला चांदीचं नाणं. दोन्ही जोडताच जिभेला आंबट चव लागली. त्यांनी धातूंची रांगच लावली: जस्त, शिसं, कथील, लोखंड, तांबं, चांदी, सोनं. रांगेतले दोन धातू एकमेकांपासून जितके लांब, तितका परिणाम जास्त.

हा वाद सुरू असतानाच १७९८ मध्ये गॅल्व्हानी वारले. त्यानंतर व्होल्टा यांनी चांदी आणि जस्ताच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवले, आणि त्यातून सलग वीज वाहू लागली. २० मार्च १८०० च्या पत्रातून त्यांनी ही पहिली बॅटरी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये नेपोलियनसमोर तिचं प्रात्यक्षिक झालं.

एका बाबतीत मात्र व्होल्टा चुकले. नुसत्या स्पर्शाने वीज तयार होते, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ती रासायनिक क्रियेतून येते. त्यात रांगेतला खालचा धातू, म्हणजे जस्त, झिजत जातो.

टॉर्चमध्येही हेच घडतं. स्प्रिंग असते पोलादाची, वर निकेलचा पातळ मुलामा. मुलाम्यावर ओरखडा पडला आणि तिथे खारट ओलावा पोहोचला, की दोन धातूंची चिमुकली बॅटरी तयार होते आणि आतलं लोखंड गंजू लागतं. गंजातून वीज जात नाही. दोन सेलचे जेमतेम ३ व्होल्ट तो थर भेदू शकत नाहीत.

मग स्टेनलेस स्टील का नाही? भाईंदरचे कारखाने तर स्टीलच्या भांड्यांसाठीच ओळखले जातात. पण स्टेनलेस स्टील तांब्याच्या सुमारे ४० पट जास्त विरोध करतं, आणि त्याला गंजापासून वाचवणारा थरच विजेच्या वाटेत येतो. म्हणून चांगल्या टॉर्चमध्ये पितळ किंवा फॉस्फर ब्राँझ वापरतात, वर निकेलचा मुलामा देतात. महागड्या टॉर्चमध्ये त्यावर सोन्याचा अगदी पातळ थर असतो, कारण सोनं गंजत नाही.

हा उपायही व्होल्टा यांच्या बॅटरीतूनच आला. पावियातलेच त्यांचे सहकारी लुईजी ब्रुग्नातेल्ली यांनी १८०५ मध्ये ती बॅटरी वापरून चांदीवर सोन्याचा मुलामा चढवला. विजेने मुलामा देण्याची सुरुवात तिथूनच मानली जाते.

घरी काय करायचं? टॉर्च वापरात नसेल तर सेल काढून ठेवा. निकेलचा मुलामा असलेली टोकं काळवंडली तर खोडरबरने हलकेच घासा. पॉलिश पेपर नको, त्याने मुलामाच निघून जातो.

व्होल्टा १८१९ मध्ये निवृत्त झाले आणि ५ मार्च १८२७ रोजी त्यांचं निधन झालं. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने विद्युतदाबाच्या एककाला त्यांचं नाव दिलं. सेलवर १.५ च्या पुढे छापलेला व्होल्ट, तो त्यांच्याच नावाचा.