फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई : रुग्णशय्येवरील शुश्रूषा

क्रिमियाच्या युद्धात हाती दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे नाव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. परंतु ह्या बाई स्वतः दीर्घकाळ रोगी होत्या, आणि रोग्याचे मन व त्याचे अन्न ह्यांविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ त्यांनी आजारीपणातच लिहिला, ही गोष्ट थोड्यांसच माहीत असेल. म्हणून त्यांच्या चरित्राचा हा भाग आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

बाईंचा जन्म ता. १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. शुश्रूषेचे काम त्या काळी हलके समजले जाई. घरच्यांचा विरोध पुष्कळ वर्षे सोसून त्या ह्या कामात शिरल्या. सन १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्थानातील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळात पोहोचल्या. तेथे सर्वांचे मांस मोठमोठ्या हंड्यांत एकत्र शिजे. कोणाचे कच्चे राही, तर कोणाच्या वाट्यास नुसते हाड येई. अशक्तांसाठी बाईंनी निराळी स्वयंपाकघरे चालविली. पुढे सन १८५५ मध्ये आलेक्सी सोये नावाच्या नामांकित आचाऱ्याने येऊन तेथील रांधप सुधारला.

त्याच वर्षी मे महिन्यात बाईंस बालाक्लावा येथे ज्वर आला व त्या मरता मरता वाचल्या. सन १८५६ मध्ये त्या घरी परतल्या. पण पुढील वर्षी दुखणे उलटले. छातीत धडधड होई, पुढे पाठीच्या कण्यात तीव्र वेदना होऊ लागल्या, आणि कित्येक वर्षे त्यांस बहुधा अंथरुणावरच राहावे लागले. कच्च्या दुधातून पसरणारा ब्रुसेलोसिस नामक ताप हेच ह्या दुखण्याचे मूळ असावे, असा अलीकडील तज्ज्ञांचा तर्क आहे.

अशा स्थितीत त्यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' हा ग्रंथ लिहिला. तो सन १८५९ च्या अखेरीस निघाला. भरल्या घरातही रोगी उपाशी राहतो, कारण त्यास केव्हा व कसे खाववेल ह्याचा कोणी विचार करीत नाही, असे त्यांत त्यांनी दाखविले आहे. फार अशक्त माणसास एकदम ताटभर अन्न देऊ नये. नेमल्या वेळी चमचाभर द्यावे. न खाल्लेले अन्न त्याच्या उशाशी ठेवू नये. दूध ताजे असावे. ते किंचितही नासलेले असता कामा नये.

मनाविषयीही त्यांनी असेच बारकाईने लिहिले. लवकर बरे व्हाल असे पोकळ बोलणे व ऐकीव औषधांचा सल्ला ह्यांनी रोगी अधिक थकतो. त्याऐवजी एखादी खरी चांगली बातमी सांगावी. त्याच त्या भिंती पाहून त्याचे मन खचते. म्हणून खिडकीतून बाहेरचे दिसावे, जवळ फुले असावीत. दाराशी कुजबुज करू नये.

बाई सदा शांत व गोड होत्या असे म्हणणे खरे होणार नाही. त्या खिन्न होत, आप्तांस कठोर बोलत. परंतु आपली शक्ती त्यांनी मोजून वापरली : भेटीस एका वेळी एकच माणूस येऊ देत, व उरलेले बळ कामास देत. हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नाही. तरी येथील आरोग्याविषयी त्यांनी खोलीतूनच वर्षानुवर्षे खटपट केली. सन १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची परिचारिकांची शाळा निघाली. उतारवयात त्यांच्या वेदना कमी झाल्या. ता. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

वाचकहो, आपल्या घरीही कोणी महिनोन्महिने खाटेवर असेल. त्याने ताट परत केले की आपण रागावतो, आणि थंड भाकरी तशीच जवळ ठेवून शेतावर जातो. त्यापेक्षा वाटीभर ऊन पेज दिवसातून पाचसहा वेळा, ठरल्या घटकेस, चमच्याने द्यावी. दूध उकळूनच द्यावे. खाट दाराकडे किंवा खिडकीकडे वळवावी. आणि उपदेश न करता पाऊस किती झाला, गाय व्याली की नाही, हे सांगत क्षणभर बसावे. ह्यास पैसा लागत नाही. रोग्याकडे लक्ष मात्र लागते.