लोखंडाच्या किसाचे गणित मांडणारे टेलर

संगणकावर लेथचा प्रोग्राम तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रफ टर्निंगची क्रिया निवडली की पडद्यावर एक चौकट उघडते. कच्चा माल कोणत्या मापाचा, टूलच्या टोकाची गोलाई किती, कटची खोली किती, फीड किती, कापण्याचा वेग किती, फिनिशिंगसाठी किती माल राखायचा, कुलंट सोडायचे की नाही, असे प्रश्न ती एकामागून एक विचारते. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी लेथवर काम करणाऱ्यांना ही चौकट पाठ असते. तिच्यातील बहुतेक प्रश्न प्रथम नेमकेपणाने मांडून त्यांच्या उत्तरांसाठी आयुष्याची २६ वर्षे खर्च करणारा माणूस म्हणजे फ्रेडरिक विन्स्लो टेलर. व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी त्यांना हातात घड्याळ घेऊन मजुरामागे उभा असलेला इसम करून टाकले आहे. लेथवरचे टेलर तेथे क्वचितच भेटतात.

२० मार्च १८५६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागात एका सधन क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील वकील होते, आई गुलामगिरीविरोधी चळवळीतील. मुलाने वकील व्हावे हीच घरची अपेक्षा. १८७४ मध्ये हार्वर्डची प्रवेशपरीक्षा ते उत्तम प्रकारे उत्तीर्णही झाले; पण डोळ्यांच्या तक्रारीमुळे पुढचे शिक्षण थांबले आणि हा सुखवस्तू घरचा मुलगा फिलाडेल्फियातील पंप बनविणाऱ्या एका लहान कारखान्यात पॅटर्नमेकर आणि मशिनिस्ट यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. त्या चार वर्षांत त्यांना कारागिराची भाषा आली, त्याच्या सवयी कळल्या आणि त्याचे डावपेचही कळले. पुढच्या सगळ्या चरित्राचे बीज या उमेदवारीतच आहे.

१८७८ मध्ये ते मिडव्हेल पोलाद कारखान्यात साधे मजूर म्हणून लागले आणि सहा वर्षांत मुख्य अभियंता झाले. मधल्या काळात नोकरी सांभाळून, घरी अभ्यास करून त्यांनी १८८३ मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी मिळविली. १८८१ मध्ये क्लॅरेन्स क्लार्क यांच्या जोडीने अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेचे दुहेरीचे विजेतेपदही पटकावले. मात्र मिडव्हेलमधले खरे युद्ध लेथच्या खात्यात चालले होते. नगावर मजुरी मिळणाऱ्या कामगारांनी दिवसाला किती काम काढायचे हे आपसांत ठरवून घेतले होते. जास्त काम दिसले की मालक दर कापणार, हा त्यांचा अनुभव होता, आणि तो खोटा नव्हता. लेथवर काम करताना टेलर यांनीही ही मर्यादा पाळली होती. टोळीनायक होताच त्यांनी बाजू बदलली. दोन-तीन वर्षे झगडा चालला. यंत्रे मोडली, दंड झाले, दर कापले गेले. अखेरीस टेलर जिंकले. पण जुने सोबती समोर येता तोंड फिरवीत, याचा सल त्यांनी पुढे स्वतःच बोलून दाखविला आहे.

या झगड्यातून त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. एका लेथवर दिवसभरात खरोखर किती काम निघू शकते, हे व्यवस्थापनालाच ठाऊक नव्हते. वेग किती ठेवावा, कट किती खोल घ्यावा हे कारागिराच्या हाताला कळत होते, कागदावर कोठेही लिहिलेले नव्हते. १८८० मध्ये कंपनीचे अध्यक्ष विल्यम सेलर्स यांच्या परवानगीने टेलर यांनी प्रयोग सुरू केले. सहा महिन्यांत उत्तर मिळेल असा अंदाज होता.

प्रयोगासाठी निवडलेले यंत्र होते ६६ इंच व्यासाची उभी बोरिंग मिल आणि माल होता आगगाडीच्या इंजिनाच्या चाकांवर बसवायच्या पोलादी धावा. कठीण, एकजिनसी पोलादाच्या या धावांचा त्यांनी अक्षरशः कीस पाडला. हे सारे प्रयोग रफिंगचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गुळगुळीत पृष्ठभागाशी त्यांना कर्तव्य नव्हते. कमीत कमी वेळात जास्तीत जास्त धातू कसा उतरवावा एवढाच सवाल होता. प्रत्येक वेळी एकच बाब बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या आणि टूल ठरावीक वेळात निकामी होईल असा वेग शोधायचा, ही त्यांची रीत. तीस वरवर सोपी म्हणता येईल. पण बाकीच्या बाबी खरोखर स्थिर ठेवणे हेच त्यात सर्वांत कठीण होते.

पहिले निष्कर्ष लवकर हाती आले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या हिऱ्यासारख्या टोकदार टूलपेक्षा गोल नाकाचे टूल अधिक वेग सोसते. बारीक फीड आणि मोठा वेग यांपेक्षा जाड फीड आणि त्याला साजेसा संथ वेग यांनी अधिक धातू उतरतो. आजही रफिंग लावताना कसलेला प्रोग्रामर आधी कटची खोली वाढवितो, मग फीड आणि शेवटी वेग, त्याचे मूळ येथे आहे. कीस जेथे सुटतो तेथेच पाण्याची जोरदार धार सोडली तर वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढविता येतो, हेही आढळले. म्हणून १८८४ मध्ये मिडव्हेलने नवे खाते बांधले तेव्हा यंत्रांपर्यंत पाणी पोहोचविण्याची सोय मुळातच करण्यात आली.

प्रयोग मात्र संपेनात. एका प्रश्नातून दुसरा निघत गेला. परिणाम घडविणाऱ्या बारा बाबी टेलर यांनी अखेर निश्चित केल्या: धातूचा कठीणपणा, कामाचा व्यास, कटची खोली, किसाची जाडी, काम आणि टूल यांची थरथर, टूलच्या धारेचा आकार, त्याचे पोलाद आणि त्याला दिलेले पाणी, थंड करणारी धार, टूल किती वेळ टिकले पाहिजे, किसाचा दाब, लेथवर उपलब्ध असलेले वेग आणि त्याची ओढण्याची ताकद. बारा अज्ञातांचे हे गणित सोडविण्यासाठी त्यांनी नामांकित गणितज्ञांचे दरवाजे ठोठावले. बहुतेकांनी ते अशक्य ठरविले. हेन्री गँट आणि नंतर कार्ल बार्थ या सहकाऱ्यांनी ते हळूहळू उलगडले. बार्थ यांनी तयार केलेली स्लाइड रूल घेऊन, गणिताचा गंध नसलेला चांगला कारागीरही अर्ध्या मिनिटाच्या आत योग्य वेग आणि फीड काढू शकत असे. आज सॉफ्टवेअर जे काम करते, ते ही सरकती पट्टी करीत होती.

या गणिताचा गाभा टूलच्या आयुष्याच्या सूत्रात आहे. वेग आणि आयुष्य यांचे नाते सरळ नसून घाताचे आहे, हे टेलर यांनी दाखविले. हायस्पीड पोलादाच्या टूलचा वेग १० टक्क्यांनी वाढविला तर त्याचे आयुष्य निम्म्याहूनही खाली येते. कार्बाइडच्या बाबतीत घट सुमारे एक तृतीयांश असते. आजच्या टूल-कॅटलॉगांमध्ये शिफारस केलेल्या वेगांमागेही टूलने किती मिनिटे टिकावे याचे असेच एक गृहीतक असते.

१८९८ मध्ये टेलर बेथलेहेम पोलाद कारखान्यात गेले. तेथे धातुतज्ज्ञ मॉन्सेल व्हाइट यांच्या सोबतीने त्यांच्या हाती सर्वांत मोठा शोध लागला. टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेल्या पोलादाला फार तापविले की ते बिघडते, अशी लोहारांची समजूत होती. सुमारे ८५० ते ९२५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात ती खरीही होती. पण त्या टप्प्याच्या पलीकडे, जवळजवळ वितळण्याच्या सीमेपर्यंत तापवून पाणी दिले तर तेच टूल लाल होईपर्यंत तापूनही कापत राहते, हे दोघांना आढळले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लाल टोकाच्या टूलखालून निळा कीस सुटताना पाहून युरोपातील अभियंते थक्क झाले. बेथलेहेममध्ये कापण्याचा सरासरी वेग जवळजवळ तिप्पट झाला आणि तासाला उतरणारा धातू चौपटीहून अधिक. जुने लेथ हा भार पेलू शकत नव्हते. यंत्रेच नव्याने घडवावी लागली. १९०९ मध्ये न्यायालयाने या शोधाचे पेटंट रद्द केले, तोवर जग बदलून गेले होते.

डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकन यांत्रिकी अभियंता संस्थेचे अध्यक्ष या नात्याने टेलर यांनी सगळा ऐवज लोकांपुढे ठेवला. नोंदविलेले प्रयोग ३० ते ५० हजार, कीस झालेले लोखंड आणि पोलाद सुमारे ८ लाख पौंड, खर्च दीड ते दोन लाख डॉलर, खास प्रयोगांसाठी उभारलेली यंत्रे दहा. एवढी वर्षे अनेक कारखान्यांनी या प्रयोगांना पैसा पुरविला आणि केवळ तोंडी वचनावर गुपित राखले. कोणी फोडले नाही. टेलर यांच्या साऱ्या लेखनात हा ग्रंथ सर्वांत भक्कम आहे, कारण त्यातील प्रत्येक आकडा धातूने तपासून दिलेला आहे.

माणसांविषयीच्या त्यांच्या आकड्यांबाबत असे म्हणता येत नाही. बेथलेहेममधील कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणाऱ्या मजुराने दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांपर्यंत मजल मारली आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली, ही त्यांची आवडती कथा. पुढे संशोधकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा तिच्यात बरीच भर घातलेली आढळली. काम चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक, ही विषमता तर त्यांच्याच आकड्यांत उघडी होती. लेथच्या बारा बाबी स्थिर ठेवता आल्या. माणसाच्या बाबतीत त्या मोजल्याच गेल्या नाहीत.

बेथलेहेमने १९०१ मध्ये त्यांना निरोप दिला. १९११ मध्ये वैज्ञानिक व्यवस्थापनावरचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात स्टॉपवॉच दिसताच ओतकाम करणारे कामगार काम सोडून बाहेर पडले. अमेरिकी काँग्रेसने चौकशी समिती नेमली. जानेवारी १९१२ मध्ये टेलर यांना तिच्यापुढे कित्येक तास उत्तरे द्यावी लागली. कारागिराचे ज्ञान त्याच्याकडून काढून कागदावर आणले की त्या ज्ञानाचा धनी कोण, हा तेथील मूळ मुद्दा. मालक आणि मजूर दोघांचेही हित आपण साधतो, अशी टेलर यांची प्रामाणिक श्रद्धा होती. कामगारांना ती पटली नाही.

मार्च १९१५ मध्ये सैन्याच्या खर्चाच्या विधेयकात शस्त्रागारांतील स्टॉपवॉचवर बंदी घालण्यात आली. त्याच महिन्यात टेलर फिलाडेल्फियातील रुग्णालयात न्यूमोनियाने आजारी होते. २१ मार्चला, एकोणसाठाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे त्यांच्या खोलीतून घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज आला, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. अर्ध्या तासाने परिचारिका आत गेली तेव्हा त्यांचे निधन झालेले होते.