सर्वज्ञ श्री दासोपंत
पालीहून उत्तरेस बीड व गेवराईमार्गे गोदाकाठच्या श्रीक्षेत्र राक्षसभुवनास जाता येते, तर दक्षिणेस मांजरसुंबा व केजमार्गे अंबाजोगाई गाठता येते. या दोन्ही क्षेत्रांशी ज्यांचे जीवन निगडित आहे, ते सत्पुरुष म्हणजे सर्वज्ञ श्री दासोपंत.

त्यांचा जन्म शके १४७३ (इ. स. १५५१) मध्ये नारायणपेठ येथील देशपांडे घराण्यात झाला. वडील दिगंबरपंत बिदरच्या बरीदशाहीत महसुलाचे अधिकारी होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारातील धान्य उपाशी प्रजेस वाटले आणि वसुलाचा भरणा थकला. तेव्हा कुमार दासोपंतांना बिदर येथे ओलीस ठेवण्यात आले. महिनाभरात रक्कम न आल्यास मुलाचे धर्मांतर करण्यात येईल, अशी अट होती, असे चरित्रकार सांगतात. मुदत संपत असताना दत्ताजी पाडेवार नावाचा सेवक आला व सर्व रक्कम भरून निघून गेला. मुलगा सुखरूप घरी परतला. पण त्या घरी या नावाचा सेवक कधी नव्हताच! प्रत्यक्ष श्रीदत्तात्रेयांनीच हे रूप घेतले, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

घरात आनंदोत्सव झाला. गेलेला मुलगा परत आला, मानमरातब राहिला, विवाहही झाला. सुखाला उणे असे काही उरले नाही. दासोपंतांचे मन मात्र त्यात रमेना. आपणांस सोडविणारा तो कोण, आणि या वाचलेल्या आयुष्याचे प्रयोजन काय, हा एकच ध्यास त्यांना लागला. अखेर कोणासही न सांगता त्यांनी घर सोडले. दुःखामुळे घर सोडणारे पुष्कळ असतात. येथे भरल्या घरातून पाऊल निघाले. मागे राहिलेल्या मातापित्यांनी व पत्नीने त्याचे मोल किती वर्षे मोजले असेल, याचीही जाणीव ठेवावयास हवी.

मातापूर अर्थात माहूर येथे त्यांनी बारा वर्षे तप केले. पुढे राक्षसभुवनी गोदेच्या वाळवंटात त्यांना श्रीदत्तपादुकांचा लाभ झाला, अशी परंपरा आहे. कालांतराने कुटुंबीयांची भेट झाली आणि सर्वजण अंबाजोगाईस स्थिरावले. सोडलेला संसार पुन्हा हाती आला, तो त्यांनी नाकारला नाही. मात्र दिवस जात तो लेखनात. रोज ढब्बूभर पैशाची शाई लागे, असे सांगतात. गीतेवरील त्यांच्या ‘गीतार्णव’ ग्रंथाची ओवीसंख्या सव्वा लाख मानली जाते. त्याशिवाय ‘ग्रंथराज’ व ‘पदार्णव’ हेही त्यांचेच. पंचीकरणाचा गहन विषय तर त्यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहून काढला. हीच प्रसिद्ध ‘पासोडी’. संत एकनाथांच्या समकालीन पंचायतनात त्यांची गणना होते.

शके १५३७ मध्ये माघ वद्य षष्ठीस त्यांनी अंबाजोगाई येथे देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच असून पासोडीही त्याच गावी जतन करण्यात आली आहे.