गानतपस्विनी अंजनीबाई मालपेकर

गोमंतकाच्या अगदी उत्तर टोकाला, तेरेखोल नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, तेरेखोलचा किल्ला उभा आहे. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांच्या हाती गेला, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा फडकविला. या पराक्रमाची कथा आपल्या पेडणे महालातील मुलांना लहानपणापासून ऐकावयास मिळते. परंतु याच महालात मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मालपे नावाचे एक गाव आहे; आणि या गावाचे नाव आपल्या आडनावात घेऊन एका स्त्रीने ते संगीताच्या इतिहासात अजरामर करून ठेवले आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या स्त्रीचे नाव अंजनीबाई मालपेकर.

अंजनीबाईंचा जन्म २२ एप्रिल १८८३ रोजी झाला. त्यांच्या आजी गुजाबाई व आई नबूबाई या दोघींचीही संगीताच्या क्षेत्रात प्रतिष्ठा होती. त्या ज्या कलावंत समाजात जन्मल्या, त्या समाजाकडे गोमंतकातील देवळांची गायनसेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे जुन्या काबिजादींतील देवळांचा जो विध्वंस सोळाव्या शतकात झाला, त्यातून येथील देवळे वाचली. देवळे वाचली म्हणून पालखी, उत्सव आणि सभामंडपातील गाणेही वाचले. ते जिवंत ठेवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. गाणे सर्वांना हवे होते. गाणारीला मात्र समाज मानाचे पान देत नव्हता. देवापुढे गाणाऱ्या या स्त्रियांच्या वाट्याला गावाची वाहवा येई, पण गावाचा आदर येत नसे. ही गोष्ट कटू असली तरी सत्य आहे, आणि अंजनीबाईंच्या जीवनाचे मोल समजावयाचे तर ती लक्षात ठेवली पाहिजे.

त्या काळी गोव्यातील कित्येक गुणी घराण्यांनी मुंबईची वाट धरली. मुंबईत धनिक होते, रसिक होते, आणि मुख्य म्हणजे उत्तरेकडून आलेले मोठमोठे उस्ताद तेथे वास्तव्य करून होते. मुरादाबादकडील बिजनौर येथून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ व खादिम हुसेन खाँ हे तिघे बंधू त्यांपैकीच होत. ते भेंडीबाजार वस्तीत राहिले, म्हणून त्यांच्या गायकीला भेंडीबाजार घराणे असे नाव पडले. अंजनीबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांचे शिक्षण नझीर खाँसाहेबांकडे सुरू झाले.

आठ वर्षांची मुलगी म्हणजे आपल्या शाळेतील तिसरीतली मुलगी. तिला ज्या विद्येचा श्रीगणेशा करावयाचा होता, ती साधी नव्हती. खुला व मोकळा आकार, दीर्घ श्वासाची साधना, एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड नेणारी मींड, आणि मेरुखंड ही या घराण्याची वैशिष्ट्ये होत. यांपैकी मेरुखंड म्हणजे काय, हे गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांना चटकन उमगेल. सा, रे, ग हे तीन स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन त्यांचा क्रम बदलत गेले, तर सहा निरनिराळ्या रचना होतात. चार स्वर घेतले की चोवीस, पाच घेतले की एकशेवीस, सहा घेतले की सातशेवीस, आणि सातही स्वर घेतले की तब्बल पाच हजार चाळीस! या रचना केवळ पाठ करून भागत नाही. त्यांतील कोणत्या रागाला शोभतात, कोणत्या त्याचे रूप बिघडवितात, हे कानाने ओळखावयाचे आणि गाताना क्षणार्धात निवडावयाचे. पाढे पाठ करताना कंटाळणाऱ्या मुलांनी या मुलीच्या रियाजाची नुसती कल्पना करून पाहावी.

असे शिक्षण आठ वर्षे झाल्यानंतर, १८९९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मुंबईत अंजनीबाईंचे पहिले जाहीर गायन झाले.

त्या काळातील मैफल कशी असे, हे आजच्या मुलांना मुद्दाम सांगावयास हवे. आज आपण खिशातील यंत्राची कळ दाबली की जगातील वाटेल तो गायक आपल्यासाठी गाऊ लागतो. १८९९ साली असे काहीच नव्हते. हिंदुस्थानातील गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या १९०२ साली, कलकत्त्यात. मुंबईत आकाशवाणीचे केंद्र सुरू होण्यास १९२७ साल उजाडावे लागले. आवाज मोठा करणारे यंत्रही आलेले नव्हते. गाणे ऐकावयाचे तर गाणाऱ्याच्या समोर जाऊन बसावे लागे. दुसरा मार्गच नव्हता. बैठकीवर तंबोरे जुळत, सारंगी व तबला साथीला असे, आणि गाणाऱ्याने आपल्या छातीच्या जोरावर शेवटच्या श्रोत्यापर्यंत स्वर पोहोचवावयाचा असे. चुकलेला स्वर मागे घेता येत नसे. समोर बसलेल्यांत जाणकार असत, अन्य घराण्यांचे गवई असत, आणि त्यांच्या कानांतून लहानशी उणीवही निसटत नसे. मुंबई शहर तर त्या दिवसांत १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगाच्या छायेत होते. अशा काळी एका सोळा वर्षांच्या मुलीने मैफलीत बसून षड्‌ज लावावयाचा, हे धैर्याचेच काम होते.

त्या पहिल्या गायनाने अंजनीबाईंचे नाव झाले आणि पुढे ते वाढतच गेले. त्यांचा मधुर आवाज, तालमीने घोटलेली गायकी आणि लावण्य यांमुळे मुंबईतील रसिकांत त्यांची कीर्ती पसरली. थोर चित्रकार राजा रविवर्मा यांनीही आपल्या काही चित्रांसाठी त्यांना समोर बसवून त्यांचे रूप रेखाटले. वयाची पंचविशीही न गाठलेल्या मुलीला यापेक्षा आणखी काय हवे होते?

परंतु दैवाची चाल निराळी होती. १९०४ साली अंजनीबाईंचा आवाज गेला. चित्रकाराचा हात किंवा धनुर्धराची दृष्टी जावी, तसा हा आघात होता. सोळाव्या वर्षी मिळालेले यश एकविसाव्या वर्षी हातचे निसटले. आता विचार करा: ज्या मुलीने आठव्या वर्षापासून दुसरे काही केलेच नाही, तिच्याजवळ आवाज गेल्यावर काय उरते? उरते ती विद्या. कंठ मुका झाला तरी कान मुके होत नाहीत. पाच हजार चाळीस रचनांचा जो हिशेब मनात बसलेला असतो, तो कोणताही आजार पुसू शकत नाही. काही काळाने अंजनीबाईंचा आवाज परत आला आणि त्या पुन्हा मैफलीत बसल्या. पहिल्या मैफलीला धैर्य लागले असेल, तर या दुसऱ्या आरंभाला त्याहून मोठे धैर्य लागले असले पाहिजे. पहिल्या वेळी हरण्यासारखे फारसे काही नव्हते; या वेळी झालेले नाव पणाला लागलेले होते.

यानंतर सुमारे दोन दशके त्या गात राहिल्या. १९२० साली गुरू नझीर खाँ निवर्तले. जवळजवळ तीस वर्षांचा गुरुशिष्यसंबंध संपला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२३ साली, अंजनीबाईंनी मैफलीतून निवृत्ती घेतली. त्या वेळी त्यांचे वय अवघे चाळीस होते. गायकाच्या आयुष्यात चाळिशी म्हणजे बहराचा काळ. आवाज पिकलेला असतो, विचार पक्व झालेला असतो, नाव सर्वतोमुखी असते. अशा वेळी टाळ्यांचा मोह सोडून देणे किती जणांना साधते?

मात्र निवृत्ती घेतली ती मैफलीतून, संगीतातून नव्हे. पुढील सुमारे पन्नास वर्षे अंजनीबाईंनी विद्यादानात घालविली. जी विद्या त्यांना गुरूकडून मिळाली होती, ती त्यांनी मुक्त हस्ताने दिली. त्यांच्याकडे येऊन शिकलेल्यांची काही नावे पाहिली तरी मन थक्क होते. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे जन्मलेले कुमार गंधर्व हे बालपणापासून मैफली जिंकणारे गायक. त्यांनी अंजनीबाईंकडे शिक्षण घेतले. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी आईची जयपूर घराण्याची तालीम घेत असतानाच अंजनीबाईंकडूनही विद्या घेतली. भेंडीबाजार घराण्याची परंपरा पुढे नेणारे त्र्यंबकराव जानोरीकर हेही त्यांच्याकडे शिकले. पुढे या शिष्यांपैकी कुमार गंधर्वांना क्षयाने गाठले आणि कित्येक वर्षे गाता आले नाही. किशोरीताईंचाही आवाज ऐन तारुण्यात काही काळ गेला. दोघेही त्यातून उठले आणि पूर्वीपेक्षा अधिक मोठे होऊन गायले. आवाज गमावून परत मिळविलेल्या बाईंचे हे दोन शिष्य त्याच अग्नीतून गेले, हा योगायोग खरा. पण मन लावून पाहणाऱ्याला तो बरेच काही शिकवून जातो.

गुरूंचे ऋण फेडण्याची त्यांची ही रीत आपण नीट समजून घेतली पाहिजे. ज्या घराण्यात बिजनौरचे मुसलमान उस्ताद आहेत आणि मालपेच्या नावाची हिंदू शिष्या आहे, ज्यात गोव्याच्या देवळाचा सूर आहे आणि उत्तरेच्या उस्तादांची तालीम आहे, त्या घराण्याला धर्म, प्रांत वा भाषा यांचे कुंपण कोठे आले? खाँसाहेबांनी परप्रांतातील, परधर्मातील एका मुलीला हातचे न राखता विद्या दिली. त्या मुलीने वृद्धपणी ती कर्नाटकच्या सीमेवरील मुलाला आणि जयपूर घराण्याच्या मुलीला तितक्याच मोकळेपणाने दिली. विद्या दिल्याने वाढते हे वचन आपण सुभाषितात वाचतो. येथे ते प्रत्यक्ष घडलेले दिसते.

स्वतंत्र भारताने या तपस्विनीची दखल घेतली. संगीत, नृत्य व नाट्य या कलांसाठी स्थापन झालेल्या संगीत नाटक अकादमीने १९५८ साली अंजनीबाईंना आपली फेलोशिप, म्हणजेच रत्नसदस्यत्व, अर्पण केली. अकादमीचा हा सर्वोच्च सन्मान. आणि तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. त्या वेळी त्यांचे वय पंचाहत्तर होते आणि मैफल सोडून पस्तीस वर्षे लोटली होती. म्हणजे सन्मान झाला तो टाळ्यांचा नव्हे, तर विद्येचा आणि तिच्या दानाचा. ज्या समाजातील स्त्रियांच्या गाण्यावर लोक मान डोलावीत आणि गाणे संपताच मान फिरवीत, त्याच समाजातील एका स्त्रीपुढे राष्ट्राची मान आदराने लवली. तेव्हा पेडणे महाल अद्याप परकीय सत्तेखाली होता. गोवा मुक्त होण्यास १९ डिसेंबर १९६१ चा दिवस उजाडावयाचा होता. गोव्याची भूमी स्वतंत्र होण्यापूर्वीच तिच्या एका कन्येने भारताच्या कलामंदिरात मानाचे आसन मिळविले होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे.

७ ऑगस्ट १९७४ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, अंजनीबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांनी अजून एकही मैफल समोर बसून ऐकली नसेल. गावच्या जत्रेत, देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात तो योग केव्हातरी येईलच. त्या वेळी घाई करू नका. तंबोरे जुळत असतात तेव्हा कार्यक्रम सुरू झालेला नाही असे समजून बोलत बसू नका. खरे गाणे तेथूनच सुरू होते. गाणारी मुलगी तुमच्याच वयाची असली, तर तिच्या त्या अर्ध्या घटकेच्या गाण्यामागे किती वर्षांच्या पहाटा आहेत, याचा मनाशी विचार करा. आणि तुमच्यापैकी कोणाला स्वतः गावयाचे असेल, चित्र काढावयाचे असेल किंवा अन्य कोणती विद्या मिळवावयाची असेल, त्याने अंजनीबाईंच्या आयुष्यातील सालांकडे पुन्हा एकदा पाहावे. पहिल्या मैफलीपूर्वी आठ वर्षांची तालीम. तिच्यानंतर चोवीस वर्षांचे गायन. आणि त्याच्याही नंतर सुमारे पन्नास वर्षांचे विद्यादान. लोकांना मैफल दिसते. तिच्या अलीकडे आणि पलीकडे जे आयुष्य असते, त्यानेच ती मैफल उभी राहिलेली असते.

पुढल्या वेळी मालपेवरून जाताना या गावाचे नाव आदराने घ्या.