दोष तंतूचा नव्हता

चिखली तालुक्यातल्या आमच्या गावी काका विहिरीत पडले. हाताची दुखावलेली नस वर्षभरात सुधारली, पण मणक्याला मार बसल्याने पाय कायमचे गेले. जिद्दच नाही, असे लोक म्हणत. खरे कारण मला सांतियागो रामोन ई काहाल यांच्या चरित्रात सापडले.

काहाल १८५२ साली स्पेनमधल्या एका खेड्यात जन्मले. त्यांना चित्रकार व्हायचे होते. डॉक्टर वडिलांनी वैद्यकाकडे वळवले. तरी हातातली पेन्सिल सुटली नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या मज्जापेशी त्यांनी रेखाटल्या आणि १९०६ साली गोल्जींबरोबर नोबेल मिळवले.

हातापायांच्या नसा पुन्हा वाढतात. मेंदू व मज्जारज्जूतले तुटलेले तंतू मात्र जरा फुटून खुंटतात, हे त्यांनी पाहिले. १९११ साली त्यांचे शिष्य तेयो यांनी हातापायांसारख्या नसेचा तुकडा सशाच्या मेंदूत बसवला, तेव्हा खुंटलेले तंतू त्यात शिरले. म्हणजे दोष तंतूचा नव्हता, भोवतालचा होता.

१९३४ साली काहाल गेले. तंतूंच्या आवरणातली वाढ रोखणारी प्रथिने १९८८ साली झुरिचमध्ये हाती लागली. त्यांतल्या एकाला २००० साली ‘नोगो’ नाव मिळाले. खात्रीचा इलाज अजून नाही.

काका आता नाहीत. त्यांच्या जिद्दीत उणे नव्हते, एवढे त्यांना सांगायचे राहून गेले.