अंकल पै आणि माझ्या चाळीस प्रती

माझ्या पलंगाखाली माझ्याच कॉमिकच्या चाळीस झेरॉक्स प्रती पडून आहेत. काढल्या होत्या पन्नास. बर्डीच्या एका दुकानदाराने तर पान न उलटताच परत केल्या. तेव्हापासून मी अनंत पै वाचतोय. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

पैंचा जन्म १९२९चा, कर्नाटकातल्या कारकळचा. आईवडील लहानपणीच गेले. बाराव्या वर्षी मुंबई. शिकले केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे आपल्यातलेच की! १९५४ साली त्यांनी मुलांसाठी ‘मानव’ हे मॅगझिन काढलं. ते चाललं नाही. मग टाइम्समध्ये नोकरी, इंद्रजाल कॉमिक्सचं काम. १९६७ साली दिल्लीत टीव्हीवर त्यांनी प्रश्नमंजूषा पाहिली. मुलांना ग्रीक देव माहीत, रामाची आई कोण ते नाही! नोकरी सोडून पैंनी इंडिया बुक हाउसतर्फे ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. ‘कृष्ण’ची चित्रं राम वाईरकरांची.

पण कॉमिक म्हटलं की शाळा नाक मुरडायच्या. पैंनी वाद घातला नाही. १९७८ साली दिल्लीच्या शाळांत चक्क प्रयोग झाला. काही मुलांना धडा पाठ्यपुस्तकातून, काहींना तोच चित्रकथेतून, मग दोघांची परीक्षा. चित्रकथावाली पुढे निघाली. विक्रीसाठी कंट्रोल ग्रुप! हे लॅबमधल्या माणसालाच सुचणार.

१९८०ला ‘टिंकल’ आलं, पोरं ‘अंकल पै’ना पत्रं लिहू लागली. २०११ साली ते गेले.

मी अजून एकाही शाळेत गेलो नाही, दुकानदारावर मात्र रोज चिडतो. रविवारी दहा प्रती मेसच्या टेबलावर ठेवतोय.